राहीबाईंच्या खोलीतला फुगा

१

पूर्णा गावात चांगदेवशेठच्या गोडाऊनमध्ये थंड जागा एकच होती, आणि तिथे माणसाने बसायची सोय नव्हती. पँट्रीला लागून ॲल्युमिनियमचं पार्टिशन टाकून केलेली ती सर्व्हरची खोली. आत एक काळं खोकं, एक स्टूल आणि डोक्यावर एसी. वडप्याहून स्कूटरवर रस्त्याची निम्मी धूळ घेऊन येणारी माधवी रोज सकाळी त्या स्टुलावर टेकायची, आधी गार व्हायची आणि मग कामाला लागायची. गोडाऊनचे सगळे कॉम्प्युटर तिच्या ताब्यात. ती नक्की काय करते ते कुणाला सांगता आलं नसतं, पण ती रजेवर गेली की सगळं अडतं, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

शेठनी एकदा विचारलं होतं, "एवढ्याशा डब्याला एवढा मोठा एसी कशाला गो?"

"शेठ, हा डबा नाही, चाळ आहे," माधवी म्हणाली. "आत पाच भाडेकरू राहतात. खरे कॉम्प्युटर नाहीत, एकाच कॉम्प्युटरच्या पोटात मांडलेले खोटे. पण प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच, अख्खं घर आपलंच. एक आलेला माल बघतो, एक गेलेला, एक हजेरी, एक कॅमेरे. पाचवा काकींचा आवाज लावतो."

"मंग जागेवरून भांडत न्हायत?"

"तेच तर माझं काम. जागा म्हणजे मेमरी. मागेल तशी खोली उघडून द्यायची. पण एकदा कुणी खोलीत सामान टाकलं की काम संपल्यावरही चावी परत येत नाही. त्याला आतून वाटतं, मी तर रिकामी केली. पण मालकाला ते सांगणार कोण? मालकाच्या लेखी खोली भरलेलीच."

चांगदेवशेठ गालातल्या गालात हसले. त्यांचे स्वतःचे गाळे गावभर पसरलेले होते. "कुलूप लावून गावाला गेलेला भाडेकरू! ह्याच्यासाठी कॉम्प्युटर कशाला पायजे? ह्ये तर आपल्याकडं फुकट मिलतंय."

काकी म्हणजे राहीबाई, शेठची बायको. गोडाऊनच्या स्पीकरवर पूर्वी एका शहरी बाईचा गोड आवाज होता. 'कृपया वाहन क्रमांक अमुक, माल उतरवण्यासाठी डॉकवर आणावे' असं ती म्हणायची आणि एकही ड्रायव्हर मान वर करायचा नाही. मग एकदा राहीबाई शेठचा डबा घेऊन आल्या. एक कंटेनर मागे येता येता त्यांच्या अंगावर येत होता. त्या जागच्या हलल्या नाहीत. नुसतं ओरडल्या, "ए! गारी थांबव!" तो कंटेनर तर थांबलाच, शेजारच्या गोडाऊनमधल्या गाड्यासुद्धा थांबल्या.

माधवीने त्याच आठवड्यात राहीबाईंना सर्व्हरच्या खोलीत बसवून लागतील ती वाक्यं आणि आकडे रेकॉर्ड करून घेतले. तेव्हापासून मशीन ते तुकडे जोडून बोलायचं, "डॉक चार, गारी आन. सरल ये. बस!" आणि बिहारचे, पंजाबचे, तमिळनाडूचे ड्रायव्हर सुनेसारखे वागायचे.

त्या सोमवारी सकाळी माधवी गार होत बसली होती. स्पीकरवर राहीबाई बोलल्या, "डॉक दोन, गारी आन. सरल ये. बस. पंखा लाव."

माधवी स्टुलावरून उठली. पंख्याचं वाक्य तिने कधी रेकॉर्ड केलंच नव्हतं.

२

बाहेर हरेश, गोडाऊनचा सुपरवायझर, डॉक दोनवर उभा होता. त्याने पंखा लावलासुद्धा होता.

"मॅडम, हे चांगलं केलंत," तो म्हणाला. "पोरं घामाने भिजतात. जेवणाच्या सुट्टीचं पण टाका एखादं."

"मी नाही टाकलं."

"मग?"

"बघते," असं म्हणून माधवी आत आली. बघते म्हणायची तिला सवय होती. त्या शब्दाने माणसं निम्मी बरी होतात. तिने आवाजाचे सगळे तुकडे ऐकले. 'पंखा' नव्हता. मग तिने स्वतःला समजावलं, की रेकॉर्डिंग चालू असताना काकी मध्येच पंखा लाव म्हणाल्या असतील, तो तुकडा कुठेतरी चिकटून राहिला असेल. हे पटण्यासारखं होतं. तिला पटलंसुद्धा.

न पटणारं दुसरंच होतं. आवाजाच्या मशीनला काम ते किती? चार शब्द जोडायचे आणि गप्प बसायचं. पण बाहेरून, म्हणजे मालकाच्या बाजूने बघितलं, तर खोक्यातली निम्म्याहून जास्त मेमरी त्या एकट्याने धरून ठेवली होती. आतून बघितलं तर मशीन साळसूदपणे सांगत होतं, माझ्याकडे काही नाही, मी रिकामं आहे.

यालाही कारण होतंच. भाडेकरू चाव्या देत नाहीत, एवढंच. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की सगळ्या खोल्या सुटतात. पण चालू दिवसात आवाज बंद केला तर गाड्या एकमेकींवर चढल्या असत्या. रविवारच्या सुट्टीपर्यंत थांबणं भाग होतं.

आणि थांबणं परवडणारं नव्हतं. जागेअभावी बाकीचे चौघे गुदमरले होते. हमाल मालाच्या खोक्यावर स्कॅनर धरायचे आणि स्कॅनर विचारात पडायचे. बुधवारी रीमा नावाच्या मॅडम मुंबईहून बघायला येणार होत्या. त्यांच्या कंपनीचा सगळा माल या गोडाऊनमध्ये ठेवायचा की मानकोलीच्या, हे त्या ठरवणार होत्या. जुनं गिऱ्हाईक गेल्यापासून निम्मं गोडाऊन मोकळं होतं. हा माल आला नाही तर निम्मी माणसं घरी बसणार होती, आणि ती कोणती हे हरेशला ठरवावं लागणार होतं. तो आठवडाभर नीट जेवत नव्हता.

"काहीतरी करा मॅडम," तो म्हणाला.

"एक उपाय आहे," माधवी म्हणाली. "फुगा."

३

फुगा हे त्या उपायाचं खरंखुरं नाव. भाडेकरूच्या घरात आपला एक माणूस आधीच बसवून ठेवलेला असतो. मालकाने इशारा केला की तो फुगायला लागतो. मला ही खोली हवी, ती खोली हवी, म्हणत घरच्याच माणसासारखा जागा अडवत जातो. भाडेकरू बिचारा आवरून सावरून बसतो. आणि अडवलेली जागा हा माणूस मागच्या खिडकीतून मालकाला देऊन टाकतो.

"म्हणजे घुसखोर," हरेश म्हणाला.

"सोय आहे ती," माधवी म्हणाली.

मंगळवारी सकाळी तिने पडद्यावरची पट्टी थोडी सरकवली. फुगा थोडा फुगला. खोक्यात जागा झाली. बाहेर स्कॅनर टिंगटिंग वाजायला लागले. हरेशने दारातून अंगठा दाखवला.

स्पीकर खरखरला.

"खोलीन कोन बसलाय?"

अख्खं गोडाऊन थांबलं. एका हमालाने डोक्यावरचं खोकं तसंच धरून ठेवलं. हरेशला वाटलं, हा हुकूम आपल्यालाच. त्याने माणसं पाठवून सगळ्या खोल्या तपासल्या. पुठ्ठे ठेवायच्या खोलीत एक जण गाढ झोपलेला सापडला. तो हात जोडून म्हणाला की काकींना कसं कळलं ते त्याला कळत नाही, पण पुन्हा होणार नाही. हरेश खूश झाला.

माधवी मात्र स्टुलावर बसून विचार करत होती. 'कोन' हा शब्द रेकॉर्ड केलेला होता, 'गेटवर कोन हाय' या वाक्यातला. 'बसलाय' कदाचित जोडून झाला असेल. पण 'खोली'? तिने पट्टीकडे बघितलं, मग दाराकडे. मग, माणूस दुखरा दात जिभेने डिवचतो तशी, पट्टी अजून थोडी सरकवली.

"सरक," स्पीकर म्हणाला. आवाज राहीबाईंचाच, पण कुणाच्या तरी खांद्याआडून आल्यासारखा. "सरक मेल्या. माजा पाय अरकला."

बाहेर सगळे हसले. मग एकेक करून हसायचे थांबले, कारण त्यानंतर स्पीकरवर बराच वेळ नुसतं कुणीतरी अंग चोरून श्वास घेतल्यासारखं ऐकू येत होतं.

"लाइनमधली खरखर आहे," माधवी हरेशला म्हणाली.

"हो ना," हरेश म्हणाला. "पण ती खरखर कण्हतेय मॅडम."

४

दुपारी माधवी शेठच्या घरी गेली. राहीबाईंना सरळ विचारावं, की रेकॉर्डिंगच्या वेळी तुम्ही पंखा, खोली, पाय असं काही बोलला होतात का. हो म्हणाल्या की विषय संपला.

शेठचा बंगला नवा होता. हॉल एवढा मोठा, की त्यात टेम्पो वळला असता. राहीबाई मात्र ओटीवर उन्हात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सुकट निवडत होत्या. धडधाकट बाई, नाकात नथ, कपाळावर घाम.

"ये गो माधवी. जेवलीस का?"

"जेवले काकी. तुम्ही उन्हात का बसलात? आत एसी आहे ना?"

"आत गर्दी झालेय."

"पाहुणे आलेत?"

"कोनी न्हाय आलं." राहीबाईंनी सुपातला एक खडा फेकला. "सकालधरना असंच. कामं आटपून आत बगते तर बसाला जागा न्हाय."

माधवीने दारातून आत बघितलं. लांबलचक सोफा रिकामा होता. टीव्ही बंद होता. फरशी चकचकीत, तीवर कुणाचं पाऊलसुद्धा नव्हतं.

"रिकामंच आहे की काकी."

"तुला काय जातंय बोलायला," राहीबाई म्हणाल्या आणि तिला पाणी आणायला उठल्या. उंबरठ्यावर त्या थबकल्या. पदर पोटाशी धरला, अंग तिरपं केलं, आणि भरल्या लग्नात माणूस पंगतीमागून सरकत जातो तशा भिंतीला पाठ लावून त्या रिकाम्या हॉलमधून स्वयंपाकघराकडे गेल्या. मध्ये एकदा त्यांनी कोपर मारलं. कशाला, ते दिसलं नाही. पण कोपर मध्येच थांबलं, हे माधवीने बघितलं.

वय झालंय, तिने मनात म्हटलं. बीपी असेल. डोळ्यांचा नंबर वाढला असेल.

राहीबाई पाणी घेऊन परत आल्या आणि खुर्चीत बसून धापा टाकायला लागल्या. "शेठला बोललेय," त्या म्हणाल्या. "आज राती हा माजे अंगावर आला, तर मी माहेरी जाईन."

"हा म्हणजे कोण?"

"कोन काय म्हाईत? त्वांड न्हाय त्याला. नुसता गोल."

माधवीने पाणी न पिताच स्कूटर काढली.

५

आल्या आल्या तिने फुगा थोडा उतरवला, पण पार नाही. तिची बुद्धी तिला सोडत नव्हती. एका बाईला हॉल भरलेला वाटतो म्हणून चालू सर्व्हरच्या सेटिंग बदलायच्या? असं कारण लिहून दिलं तर तिच्या कॉलेजच्या मास्तरांनी तिची पदवी परत मागितली असती. शिवाय पट्टी शून्यावर नेली की स्कॅनर बंद, आणि उद्या बुधवार.

बुधवारी रीमा मॅडम ठरल्या वेळेच्या आधी आल्या. माधवी अजून हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकलेली. इकडे स्कॅनर पुन्हा विचारात पडले. हरेशने आदल्या दिवशी माधवीच्या मागे उभं राहून बघितलं होतं. पट्टी उजवीकडे गेली की स्कॅनर पळतात, हे त्याला पाठ झालं होतं. त्याने सर्व्हरच्या खोलीत जाऊन देवाचं नाव घेतलं आणि पट्टी उजव्या टोकाला नेऊन सोडली.

माधवी पोचली तेव्हा स्कॅनर पावसासारखे वाजत होते आणि रीमा मॅडम कौतुकाने मान हलवत होत्या. स्पीकरवर राहीबाई बोलत होत्या, पण आवाज चपटा झाला होता, दाराच्या फटीतून आल्यासारखा.

"डॉक... तो... तिनाच्या पुढचा... त्यान ती आन... ती चाकांची... कसली ती... सरल... सरल म्हंजे..."

चार ड्रायव्हर खाली उतरून वर स्पीकरकडे बघत उभे होते. त्यांतला एक सरदारजी हळूच म्हणाला, "माताजी की तबीयत ठीक नहीं है."

"हे काय आहे?" रीमा मॅडमनी विचारलं.

"ट्रेनिंग," हरेश म्हणाला. "ड्रायव्हरने स्वतः विचार करावा म्हणून."

माधवीचा फोन वाजला. चांगदेवशेठ होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"माधवी, तुला कॉम्प्युटरचं कलतं म्हनून तुला इचारतोय. ही बेडरूमच्या दारान अरकलेय. दार सताड उघडं हाय. मी हात धरून वढतोय. न्हाय येत भायेर. छाती दाबते बोलते. आन मला नावानं हाक मारते, तर नाव आठवंना तिला."

माधवी चप्पल न काढता सर्व्हरच्या खोलीत धावली आणि पट्टी पार डावीकडे खेचली.

एक क्षण काही झालं नाही. मग स्पीकरमधून एक लांब, दमलेला उसासा आला, "हुश्श." फोनमधूनही तोच आला. एकाच वेळी. दोन्हींत पाव सेकंदाचाही फरक नव्हता, आणि नेटवर्कचं काम करणाऱ्या माणसाला तो फरक नसणंच सगळ्यात जास्त खुपतं.

"सुटली!" शेठ ओरडले. "मला शिव्या घालतेय! आठवलं नाव!"

बाहेर स्कॅनर ठप्प झाले. पण तोवर रीमा मॅडमनी स्कॅनरचा वेग डोळ्यांदेखत मोजून घेतला होता. जाताना त्या म्हणाल्या, "सिस्टिमला मेमरी कमी पडतेय, तेवढी वाढवून घ्या. माल पाठवते. आणि त्या बाईंचा आवाज बदलू नका. मघाशी त्यांनी हुश्श केलं ना, तेव्हा मलाही बरं वाटलं."

हरेश त्या दिवशी दोनदा जेवला.

६

नव्या मेमरीच्या पट्ट्या आल्या. रविवारी दुपारी गोडाऊन रिकामं असताना माधवीने त्या बसवायला घेतल्या. हरेश टॉर्च धरायला आला होता. पट्ट्या बसवायच्या तर खोकं पूर्ण बंद करावं लागणार होतं. म्हणजे पाचही भाडेकरू, आवाजासकट.

बटण दाबायच्या आधी तिने राहीबाईंना फोन लावला. सहजच, म्हणून.

"काकी, काय करताय?"

"काय करनार? हॉलान बसलेय. शेठ आतमंदी चहा करतान. आज सूर्य कुटं उगवला बग."

माधवीने बटण दाबलं. पंखे मंदावले, दिवे विझले. खोलीत इतकी शांतता झाली, की एसीतून पडणाऱ्या पाण्याचा थेंब ऐकू आला.

"काकी? बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरलेय? उलट कानाला जरा निवांत वाटतंय."

माधवी मोठ्याने हसली. बीपीच होतं. योगायोग होता. तिने फोन स्पीकरवर टाकून स्टुलावर ठेवला, राहीबाईंच्या गप्पा ऐकत पट्ट्या बसवल्या, खोकं चालू केलं. आता जागाच जागा होती. कुणाला गुदमरायला नको, कुणावर फुगा सोडायला नको. सगळ्यात हावऱ्या भाडेकरूला, म्हणजे आवाजाला, तिने मोठ्या मनाने पहिल्याच्या कितीतरी पट जागा देऊन टाकली.

"अगो बाई," फोनमध्ये राहीबाई म्हणाल्या. "कसं मोकलं मोकलं झालं!"

"हो ना?" माधवी म्हणाली.

"चहा झाला वाटतं. जाते आत."

चपलांचा फटफट आवाज सुरू झाला. चालू राहिला. माधवीने स्क्रू पिळला. फटफट चालूच होती. तिने दुसरा स्क्रू पिळला, तिसरा पिळला, झाकण लावलं.

"काकी, पोचलात का?"

"चाललेय गो." आवाज जरा लांबून आला. "सैपाकघर कवाधरना दिसतंय समोर. जवल येत न्हाय."

माधवीने हरेशच्या फोनवरून शेठना फोन लावला.

"शेठ, तुम्ही कुठे आहात?"

"सैपाकघराच्या दारान. चहा घेऊन उबा हाय." शेठ कुजबुजत होते. "माधवी, ही मघापासून माजेकडं चालत येतेय. सोफा तितंच हाय, टीवी तितंच हाय. हीच ल्हान ल्हान दिसाला लागलेय."

आता माधवीने स्वतःशी वाद घातला नाही. तिने आवाजाच्या मशीनमध्ये फुगा सोडला, अगदी हलक्या हाताने, पडद्यावरची पट्टी केसाएवढी सरकवत. "शेठ, जवळ येतात का बघा. मला सांगत राहा."

"येऊं दे," शेठ म्हणाले. सगळं आयुष्य गाड्या लावण्यात गेलेलं. त्यामुळे भाषा तीच. "येऊं दे, येऊं दे. जरा डावीकडं घेतेय ती... सरल. येऊं दे. अजून. अजून. बस! बस बस बस! लागली!"

माधवीने हात उचलला.

फोनवर चपला थांबल्या. मग खुर्चीत कुणीतरी धपकन बसलं, आणि राहीबाईंचा नेहमीचा खणखणीत आवाज आला, "चहा गार केलास ना?"

हरेशने भिंतीला टेकून डोळे मिटले. माधवीच्या गालावरून पाणी आलं ते तिने ओढणीने पुसलं. पडद्यावरची पट्टी जिथे होती तिथेच तिने कुलूप लावून टाकलं, पुन्हा कुणी हात लावू नये म्हणून, आणि हरेशला म्हणाली, "एकदा आवाज तपास, आणि जाऊ घरी."

हरेश बाहेर गेला. त्याने डॉक चारचं बटण दाबलेलं तिला ऐकू आलं. स्पीकर गप्प होता. त्याने पुन्हा दाबलं. पडद्यावर सगळं हिरवं होतं. मशीन चालू, तुकडे जागेवर, कुठेही काही बिघाड नाही. फक्त आत बोलायला कुणी नव्हतं.

"माधवी," फोनमध्ये चांगदेवशेठ एकदम हलक्या आवाजात म्हणाले. "फोन ठेवलास का गो?"

"नाही शेठ. बोला."

"मी दोनच कप चहा केला. हिचा न माजा. ही तिसरा मागतेय."

"तिसरा कुणासाठी?"

शेठच्या मागे कुणीतरी फरशीवरून एक खुर्ची ओढली. मग राहीबाई काहीतरी बोलल्या आणि हसल्या, आणि ओढलेल्या खुर्चीतून त्यांना राहीबाईंच्याच आवाजात हसत हसत उत्तर आलं.

"ती बोलते, वाटेन भेटली," शेठ म्हणाले. "बोलते, उन्हाची आलेय, आदी तिला दे."